मधला वास

कारखान्यात तिला सगळे पट्टीताई म्हणायचे. खरं नाव दाराशी लावलेल्या हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं, आणि अंगठा टेकवल्याशिवाय तेही ओळख दाखवत नसे.

कारखाना नखांना लावायच्या रंगाचा. फाटकातून आत आलं की डावीकडे पिंपांची शेड, उजवीकडे रंग घोटायची खोली, तिच्या पलीकडे बाटल्या भरायची लांबलचक खोली. या सगळ्याच्या मधे काचेच्या दाराची एक चिंचोळी प्रयोगशाळा. तिथे खिडकीशी पट्टीताईचं टेबल. टेबलावर टिपकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्यांचा गठ्ठा, एक ड्रॉपर आणि समोर भिंतीवर ठसठशीत सेकंदकाट्याचं घड्याळ. एवढीच तिची हत्यारं. बाकी सगळं काम नाकाचं.

रंग पातळ करणारा द्रव बाहेरून तयार यायचा. पिंप उतरलं की ती त्यातला एक थेंब पट्टीवर सोडायची, पट्टी एकदाच हवेत हलवायची आणि घड्याळाकडे बघत वास घ्यायची. पहिला वास गोडसर आणि झणझणीत. तो घाईतल्या पाहुण्यासारखा आला की निघालाच. शेवटचा वास पिकल्या केळ्याचा. तो मात्र पट्टीवर ठाण मांडून बसायचा. या दोघांच्या मधे काही असता कामा नये. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, एक वास उठतोय आणि दुसरा अजून स्थिरावतोय अशा वेळी, मधूनच एखादा तिसरा वास डोकावला तर तो टोल्युइनचा, बंदी असलेल्या द्रवाचा. मग पिंपावर लाल चिकटपट्टी आणि पिंप आल्या वाटेने परत. तसलं काही नसेल तर पट्टीच्या कोपऱ्यात ती ‘स्वच्छ’ असं लिहायची, तारीख घालायची आणि पट्टी वहीत चिकटवायची.

नमुना शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतही जायचा. तिथे यंत्र होतं, पण अहवाल यायला आठ-दहा दिवस लागत. तेवढा वेळ कारखाना थांबणार कसा? म्हणून पट्टीताई. भरायच्या खोलीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसलीच तर कुठल्या गल्लीतून आली तेही ही सांगेल. पट्टीताई हसायची. मनातून तिला ते आवडायचं.

टोल्युइन पूर्वी उघडपणे वापरात होतं; तेव्हा पट्टीताई पिंपांत दुसरी भेसळ हुंगायची. रंग सरसर पसरायचा, चमक यायची, लवकर वाळायचा. तिचा नवरा रंग घोटायच्या खोलीत कामाला होता. तो दिवसभर त्या पिंपांत असायचा, आणि संध्याकाळी हाताला लागलेला रंग काढायला हात त्यातच धुवायचा. तोंडावर फडकं बांध म्हटलं की म्हणायचा, फडकं बांधलं तर तुला हाक कशी मारू? दोघं एकाच बसने घरी यायची. बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावायचा, आणि हा बायकोच्या कानाशी हळूच म्हणायचा, “बघ, आपल्याला ऐसपैस जागा मिळाली.”

नवा रंग तयार झाला की तो काचेवर फासून बघायचा नियम होता. काचेवर तो बघायचाच, पण त्याचं समाधान व्हायचं नाही. काचेला काय रक्त असतं, म्हणायचा. मग एका लहान बाटलीत थेंबभर रंग घरी यायचा आणि तिच्या डाव्या करंगळीवर चढायचा. तो खिडकीशी तिचा हात धरून बसायचा, एकदा उजेडाकडे, एकदा सावलीत. विटकरी, डाळिंबी, कोवळ्या वांग्याचा. त्या करंगळीने बाजारात येण्याआधीच कितीतरी रंग पाहिले. बाकीची नऊ नखं कोरी. शेजारणी विचारायच्या, ही काय नवी तऱ्हा? ती म्हणायची, आमच्या ह्यांची.

मग त्याचे हात थरथरायला लागले, झाकण लावताना आटा चुकायला लागला. पुढे मूत्रपिंडांनी दगा दिला. डॉक्टरांनी काम काय करता ते विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. कशामुळे झालं हे ठामपणे कुणीच सांगितलं नाही. तो गेला तेव्हा नणंदेची मुलगी, म्हणजे त्याची भाची, त्यांच्याच घरी शिकायला होती. ती मामीपाशी राहिली ती राहिलीच.

तो गेल्यावर दाराआडच्या खुंटीवर त्याचा कामाचा शर्ट होता. पट्टीताई रोज त्यात तोंड खुपसायची. पंधरा दिवसांत शर्ट नुसता शर्ट उरला. उडून जाणं हाच त्या द्रवाचा स्वभाव, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी कारखान्यात जीव रमायचा, कारण तिथे घोटायच्या खोलीवरून गेलं की तो भेटायचा. कपाळावरच्या केसांचा, मानेचा, बसमध्ये खांद्याला टेकलेल्या खांद्याचा तोच वास.

दीड वर्षाने नियम आला. नखांच्या रंगात टोल्युइन चालणार नाही. रोज हुंगून ते डोक्यात जातं, हातापायांच्या नसा बिघडवतं, पोटातल्या बाळालाही सोडत नाही, असं नव्या केमिस्ट मॅडमनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून समजावलं. बायकांनी माना हलवल्या. पट्टीताईनेही हलवली, नियम बरोबरच होता, त्याचं कारण तिने स्वतःच्या घरात पाहिलं होतं. पिंपं गेली, खोल्या धुतल्या, खिडक्यांत मोठाले पंखे बसले. आठवड्याभराने ती घोटायच्या खोलीत गेली तर तिथे नुसता पिकल्या केळ्याचा वास. ती दारातच उभी राहिली. तो या कारखान्यातून दुसऱ्यांदा गेला होता.

एक बाटली मात्र मागे राहिली. तपासणाऱ्या नाकाला काय शोधायचं ते लक्षात राहावं, म्हणून तपकिरी काचेच्या लहानशा बाटलीत टोल्युइन ठेवलं होतं. महिन्यातून एकदा, हवा ओढून घेणाऱ्या पेटीखाली, दोन हात लांबून वास घ्यायचा आणि वहीत नोंद करायची. बाटली कपाटात, किल्ली पट्टीताईकडे.

पहिल्या महिन्यात तिने ती एकदाच उघडली. दुसऱ्या महिन्यात चारदा. मग रोज, मॅडम यायच्या आधी. सुरुवातीला झाकण नुसतं सैल केलं तरी तो यायचा, पार बसमधल्या थट्टेसकट. पुढे बाटली जवळ धरावी लागली, मग आणखी जवळ, मग नाकाशी. तिला वाटायचं, मी त्याला विसरत चालले. सहा वर्षं झाली, माणूस विसरणारच, असं लोक म्हणतात तेच हे असावं. त्याचा तिला राग यायचा, आणि त्या रागात ती बाटली आणखी खोल हुंगायची. वहीत नोंद महिन्यातून एकच.

ती बुधवारची गोष्ट. दुपारी मागच्या अंगणात बायका डबे सोडून बसल्या होत्या. बाटल्यांची झाकणं लावणारी, जिला सगळ्या झाकणवालीच म्हणायच्या, ती तेवढी डबा न उघडता भिंतीला डोकं टेकून बसली होती. एकीने डोळे मिचकावून विचारलं की काय गं, गोड बातमी का? दुसरी म्हणाली, हिचं कसलं गोड, माझंही डोकं तीन दिवस ठणकतंय, मग मलाही दिवस गेलेत म्हणायचे, पन्नासाव्या वर्षी. सगळ्या हसल्या. पट्टीताईची भाची त्याच खोलीत बाटल्या भरायच्या यंत्रावर होती. ती हसली नाही. तिने झाकणवालीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला.

संध्याकाळी मामी-भाची बसथांब्याकडे चालल्या होत्या. भाची म्हणाली,

“मामी, एक सांगू? वेड्यात काढू नकोस.”

“काढलेलीच आहेस. सांग.”

“आमच्या खोलीत मामाचा वास येतो.”

पट्टीताई चालत राहिली. भाची सांगत होती की सोमवारपासून येतोय, आधी वाटलं भास असेल. पण लहानपणी मामा कामावरून आला की ती पळत जाऊन त्याच्या पोटाला मिठी मारायची, अगदी तोच वास. डोकं दुखतं खरं, पण खोलीत शिरल्यावर क्षणभर बरं वाटतं, कुणीतरी घरी आल्यासारखं.

पट्टीताईच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला हेवा वाटला. आज सकाळीच ती त्या खोलीतून गेली होती, चांगली दहा मिनिटं उभी होती. माझ्याकडे नाही आला, पोरीकडे आला. काळजात बारीक सुई टोचावी तसं झालं. आणि पाच-सहा पावलं गेल्यावर त्या सुईचं दुसरं टोक टोचलं. सोमवारी नवी पिंपं फोडली होती. पट्ट्या तिनेच पाहिल्या होत्या. सहाच्या सहा पट्ट्यांवर ‘स्वच्छ’ होतं, तिच्याच अक्षरात.

“भास असेल गं,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

रात्र तिने कशीबशी ढकलली. सकाळी भाची वेणी घालत होती, तेव्हा तिने सहज बोलल्यासारखं करून सांगितलं, आज नको जाऊस, डोकं दुखतंय तर घरी राहा. भाचीने आरशातूनच तिच्याकडे बघितलं. मी घरी राहीन, म्हणाली, पण झाकणवालीचं काय? तिला तिसरा महिना लागलाय, घरच्यांशिवाय फक्त मला सांगितलंय, आणि ती दिवसभर माझ्या शेजारी बसते.

पट्टीताईने डबा पिशवीत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग म्हणाली, “चल. पण मी सांगेपर्यंत खोलीत शिरायचं नाही. तीही नाही, तूही नाही. अंगणात बसा.”

प्रयोगशाळेत अजून कुणी नव्हतं. तिने कपाट उघडलं, बाटली काढली, झाकण फिरवलं आणि नाकाशी नेली. काहीच नाही. थंडगार, रिकामं काहीच नाही. तिने डोळे मिटून त्याचा चेहरा आठवला, चेहरा आला. बसमधली थट्टा आठवली. तीही शब्दन् शब्द आली. म्हणजे विसरली नव्हती ती. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त वास नव्हता.

तरी तिने खात्री करायची ठरवली. तीन पट्ट्या घेतल्या. एकीवर साधं पाणी, एकीवर बाटलीतला थेंब, एकीवर सोमवारच्या पिंपातला. मागच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करून पट्ट्या डोळे मिटून पिसल्या आणि एकेक नाकाशी धरली. केळ्याचा वास लगेच कळला, तो पिंपातला. उरलेल्या दोन तिने तीन वेळा बदलून पाहिल्या. पाणी कुठलं आणि टोल्युइन कुठलं हे तिला सांगता येईना. अठरा वर्षं ज्या नाकाच्या भरवशावर ती या खुर्चीत बसली, ते नेमक्या त्याच एका वासाला बहिरं झालं होतं. कुठल्याही पिंपात टोल्युइन असतं तरी तिने ‘स्वच्छ’ असंच लिहिलं असतं. किती महिने लिहीत होती कोण जाणे.

बाटली कपाटात ठेवून गप्प बसता आलं असतं. अहवाल आठवड्याभरात आलाच असता, दोष पिंपं पाठवणाऱ्यावर गेला असता. आठवडा काय, बघता बघता जातो. तिने खिडकीतून पाहिलं. अंगणात भाची झाकणवालीला काहीतरी सांगून हसवत होती.

केमिस्ट मॅडम वयाने तिच्या लेकीसारख्या. आल्या आल्या पिशवी खुंटीला लावत होत्या, तेवढ्यात पट्टीताई उभी राहिली.

“मॅडम, ती सहा पिंपं थांबवा. पट्टीवर मी स्वच्छ लिहिलंय, ते चुकीचं आहे.”

“पुन्हा तपासलीत का?”

“पुन्हा तपासून उपयोग नाही. मला मधला वास येतच नाही. कधीपासून येत नाही, तेही सांगता यायचं नाही.”

मॅडमना वाटलं सर्दी असेल. पट्टीताईने तिन्ही पट्ट्या पुढे ठेवल्या आणि काय केलं ते सांगितलं. मॅडमनी त्या दुरूनच एकेकदा हुंगल्या, मग पिंपातला ताजा थेंब नव्या पट्टीवर सोडला आणि घड्याळाकडे बघत थांबल्या. चौथ्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कपाट उघडलं, तपकिरी बाटली उजेडात धरली. काचेवर पहिल्या दिवशी मारलेली रेघ वर होती आणि द्रव पार तळाला, जेमतेम बोटभर.

“महिन्यातून एकदा उघडून एवढी संपत नाही, ताई.”

“रोज उघडायचे.”

“रोज? अहो, कशासाठी?”

पट्टीताईने हात पदराला पुसले. हात कोरडेच होते.

“आमच्या ह्यांचा वास होता तो,” ती म्हणाली.

मॅडमनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, आणि जणू काही ऐकलंच नाही अशा आवाजात एकेक काम सांगायला लागल्या. भरायची खोली बंद. पंखे पूर्ण वेगाने. सोमवारपासून भरलेल्या सगळ्या बाटल्या कुलपात. झाकणवालीला गाडीने डॉक्टरांकडे. खोलीत बसणाऱ्या बाकीच्यांनी घरी जाऊन अंघोळ करायची, कपडे वेगळे धुवायचे.

मोठे साहेब खाली आले तेव्हा वैतागलेले होते. डाळिंबी रंगाचा माल शुक्रवारी निघायचा होता. अहवाल नाही, काही नाही, एका बाईच्या नाकापायी कारखाना बंद ठेवायचा का, असं त्यांनी विचारलं.

“इतकी वर्षं तिच्या नाकावरच चालू ठेवलाय, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “तेच मुळात चुकलं. हुंगून तपासायला लावायला नको होतं, आणि मीही ते चालू दिलं.”

साहेबांनी पट्टीताईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

अहवाल चार दिवसांनी आला, त्यात टोल्युइन निघालं. पाठवणाऱ्याने टाकी न धुताच तिच्यात माल भरला होता. झाकणवालीला डॉक्टरांनी आज तरी काळजीचं दिसत नाही म्हणून सांगितलं, आणि ती मोकळ्या हवेत लेबलं लावायच्या कामाला गेली. पुढे नमुना यंत्रातून आल्याशिवाय पिंप फोडायचं नाही असं ठरलं. टिपकागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा अडगळीत गेला. पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी दुपारी मामी-भाची रिकाम्या बसमधून घरी चालल्या होत्या.

भाचीचं डोकं मामीच्या खांद्यावर होतं. तीन दिवसांचा वास त्या जाड केसांत मुरलेला असणार, हे पट्टीताईला ठाऊक होतं. तिने नाक केसांत टेकवलं आणि थांब्यामागून थांबे जाईपर्यंत तसंच ठेवलं.

“कसा येतोय गं?” तिने विचारलं.

“कशाचा?”

“मामाचा.”

भाचीने डोकं उचललं आणि मामीकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं की अर्धंच, कोण जाणे. ती जपून सांगायला लागली, एखाद्या आंधळ्या माणसाला रस्ता सांगावा तशी. आधी गोड येतो. मग त्या गोडाच्या आत काहीतरी धारदार. नवीन बुटांचा खोका उघडला की येतो ना, तसा थोडा. आणि मागे घामाचा, पण तो माझाच असेल.

“नाही,” पट्टीताई म्हणाली. “त्यालाही घाम फार यायचा.”

घरी आल्यावर तिने पाणी तापवलं. न्हाणीत भाचीला पाटावर बसवलं, केस मोकळे करून पुढे घेतले आणि साबण लावला. लहानपणी मामाला मिठी मारून आली की असंच बसवून तिचे हात धुवावे लागायचे, कारण रंग लागलेला असायचा. पट्टीताईने मुळांपासून टोकांपर्यंत केस चोळले आणि तांब्याने पाणी सोडलं.

“गेला?”

“थोडा आहे अजून.”

पुन्हा साबण. पुन्हा पाणी. फेस मोरीच्या तोंडाशी गोळा झाला, फिरला आणि खाली गेला. पट्टीताईच्या कोऱ्या करंगळीवर एक बुडबुडा बसून राहिला होता.

“आता?”

“अगदी नावाला आहे, मामी. कानामागे.”

तिने कानामागे बोटं फिरवली, हलक्या हाताने, खूप वेळ. मग तांब्या भरला आणि तसाच धरून ठेवला. भाची डोळे मिटून, मान खाली घालून वाट बघत बसली होती. तांब्याच्या काठावरून थेंब थेंब पाणी सांडत होतं.

“मामी, ओत ना. गार होतंय.”

“ओतते,” पट्टीताई म्हणाली. आणि तिने ओतलं.